आश्रयदात्री कोणास म्हणावे?

(इगतपुरी येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. मॅट्रिकची परीक्षा आणि त्यावर अध्यापनाचे प्रशिक्षण, एवढीच आमची शिदोरी. सारे आयुष्य मुलांना शुद्धलेखन व व्याकरण शिकविण्यात गेले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण आमच्याकडून करू नये. फळ्यावर एखादा शब्द लिहून तो मुलांकडून फोडून घ्यावा, तसा एक शब्द आज आपणांपुढे मांडण्याचा विचार आहे.

तो शब्द आपल्या मंडळाच्या कामातूनच पुढे आला. आपली स्मरणिका निघते, तिच्या अखेरच्या पानांवर देणाऱ्यांच्या याद्या असतात. आजीव सभासद, हितचिंतक आणि सर्वांच्या वर ‘आश्रयदाते’. यंदा या वरच्या यादीत काही भगिनींची नावे यावयाची आहेत. मथळा काय द्यावा, यावर कार्यकारी मंडळात चर्चा झाली. कोणी म्हणाले, ‘महिला आश्रयदाते’ लिहा. कोणी ‘आश्रयदाती’ सुचविले, कोणी ‘आश्रयदातीण’. एक सभासद म्हणाले, “पैसे आले, पावती दिली, आता मथळ्याचा घोळ कशाला?” प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे खरा. परंतु शब्दाच्या मागे माणूस उभा असतो. आपण कोणास कोणत्या शब्दाने हाक मारतो, यावरून त्यास आपण काय मानतो हे कळते. म्हणून या क्षुल्लक प्रश्नाचा थोडा विचार करू.

प्रथम व्याकरण पाहू. ‘दा’ म्हणजे देणे हा धातू. त्यास ‘तृ’ हा करणाऱ्याचा वाचक प्रत्यय लागला म्हणजे ‘दातृ’ हा शब्द होतो. पुरुष असल्यास ‘दाता’, स्त्री असल्यास ‘दात्री’. याच रीतीने नेता-नेत्री, अभिनेता-अभिनेत्री, धाता-धात्री. पाणिनीने ऋकारान्त शब्दांचे स्त्रीलिंग असे करण्याचा नियमच घालून दिला आहे. तेव्हा ‘आश्रयदात्री’ हा शब्द आज कोणी नव्याने पाडलेला नाही. तो घडविण्याचा साचा अडीच हजार वर्षे तरी जुना आहे. ‘आश्रयदाती’ व ‘आश्रयदातीण’ ही रूपे त्या साच्यात बसत नाहीत. लिहिताना त्री दीर्घ लिहावी. अनेकवचनही ‘आश्रयदात्री’ असेच राहते. विभक्ती लागली की ‘आश्रयदात्रींनी’, ‘आश्रयदात्रींचे’ असे म्हणावे.

कोणी विचारील, शब्द इतका सरळ आहे तर कानाला अपरिचित का वाटतो? ‘अभिनेत्री’ म्हणताना कोणी अडखळत नाही. पण ‘नेत्री’ हा शब्द हाती असूनही वृत्तपत्रे ‘महिला नेत्या’ असेच लिहितात. याचे कारण व्याकरणात नाही. रंगभूमीवर व पडद्यावर स्त्रीचे काम लोकांनी डोळ्यांनी पाहिले, त्यामुळे शब्द रुळला. जेथे स्त्रीचे काम लोकांच्या नजरेस येत नाही, तेथे शब्द असूनही कोशात पडून राहतो. ‘आश्रयदात्री’ची हीच कथा आहे.

आता आपल्या मराठीतला स्त्रीलिंगाचा नेहमीचा प्रत्यय पाहा. तो ‘ईण’. पाटील-पाटलीण, मास्तर-मास्तरीण, डॉक्टर-डॉक्टरीण, यजमान-यजमानीण, धनी-धनीण. यात एक गोम आहे. ‘मास्तरीण’ म्हणजे स्वतः शिकविणारी, की मास्तरांची पत्नी? दोन्ही अर्थ होतात. ‘डॉक्टरीणबाई’ नाडी पाहतात, की डॉक्टरांच्या घरी राहतात, हे शब्दावरून कळत नाही. ‘पाटलीणबाई’ तर बहुधा पाटलांच्या घरधनीणच असावयाच्या. संस्कृतात ही संदिग्धता टाळण्याची सोय होती. जी स्वतः शिकविते ती ‘आचार्या’ आणि आचार्यांची पत्नी ती ‘आचार्यानी’. एक शब्द कामावरून, दुसरा नात्यावरून.

‘दात्री’ या शब्दाचे मर्म आपणांस येथे सापडेल. तो नात्यावरून होतच नाही. तो केवळ क्रियेवरून होतो. दात्याची पत्नी म्हणून कोणी दात्री ठरत नाही. जी देते ती दात्री. पतीने दिले आणि पत्नी शेजारी उभी राहिली, तर ती दात्याची पत्नी झाली. पत्नीने दिले आणि पावती पतीच्या नावे फाटली, तरी दात्री तीच. हा शब्द खोट्या मानालाही जागा देत नाही आणि खऱ्या दानाला लपूही देत नाही. आम्ही या शब्दाचा आग्रह धरतो तो संस्कृतच्या अभिमानाने नव्हे, तर त्याच्या या सचोटीसाठी.

शब्दाचा पूर्वार्ध ‘आश्रय’. त्याचा मूळ अर्थ ज्याच्या आधाराने टेकावे, राहावे, ते ठिकाण. वेल झाडाचा आश्रय करते, वाटसरू पावसात ओसरीचा आश्रय घेतो. आपल्या इगतपुरीच्या पावसात हा अर्थ कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा आश्रय म्हणजे एकदा हातावर ठेवलेली रक्कम नव्हे. पुनःपुन्हा ज्याखाली येऊन उभे राहता येते असे छप्पर. एकदा देतो त्यास ‘देणगीदार’ हा सुरेख शब्द आहेच. तो स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. ‘ते देणगीदार’ व ‘त्या देणगीदार’ यांत काही अडत नाही. पण ‘आश्रयदाता’ वा ‘आश्रयदात्री’ म्हणावयाचे तर देण्यात टिकाऊपणा हवा.

अशी स्त्री आपल्या भागात कधी होऊन गेली काय? याचे उत्तर शोधण्यास फार लांब जावयास नको. आपण इगतपुरीहून महामार्गाने नाशिकला जातो, तेव्हा शहर येण्यापूर्वी एका डोंगराच्या अंगावर लेण्यांची रांग दिसते. लोक त्यांस पांडवलेणी म्हणतात. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आहे. आपल्यापैकी अनेकांनी तेथे मुलाबाळांसह फराळाचे डबे उघडले असतील. त्या भिंतींवरील ब्राह्मी अक्षरे म्हणजे एका अर्थी त्या काळच्या स्मरणिकेची अखेरची पानेच आहेत. कोणी काय दिले, कशासाठी दिले, हे तेथे कोरलेले आहे. आणि त्या यादीत स्त्रिया आहेत.

तिसऱ्या क्रमांकाचे मोठे लेणे पाहा. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, ते भिक्षुसंघास दान दिले गेले. देणारी कोण? राजाची आजी, गौतमी बलश्री. तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी हा त्या काळचा बलाढ्य राजा. त्याच्या पराक्रमाचे वर्णन याच लेखात आहे. परंतु लेणे त्याने दिलेले नाही, त्याच्या मातेने दिले आहे. सत्य बोलणे, दान, क्षमा, अहिंसा, तप, उपवास या तिच्या स्वतःच्या गुणांचाही लेखात उल्लेख आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या राजांची ओळखच मातेच्या नावाने दिलेली आहे, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाच्या नावानंतर प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव लिहिण्याचा नियम केला, तेव्हा काहींनी नाके मुरडली. त्यांनी नाशिकच्या त्या भिंतीकडे एकदा पाहून यावे.

दहाव्या लेण्यात दक्षमित्रा भेटते. ती क्षत्रप नहपानाची कन्या व उषवदाताची पत्नी. उषवदाताच्या दानांची यादी त्याच लेण्यात लांबलचक कोरलेली आहे. तरीही दक्षमित्रेने दिलेल्या खोलीवर तिचे नाव स्वतंत्रपणे आहे. ती खोली पतीच्या यादीत जमा करून टाकलेली नाही. खोलीसाठी तेथे ‘ओवरक’ असा शब्द आहे. आपल्या देवळांतील ‘ओवरी’ ती याच कुळातली. अठराव्या क्रमांकाचे चैत्यगृह भट्टपालिका नावाच्या स्त्रीने पुरे करविले. ती राजाच्या अमात्याची कन्या आणि भांडागारावरील अधिकाऱ्याची पत्नी होती.

परंतु ‘आश्रयदात्री’ या शब्दाचा पुरता अर्थ आम्हांस कळला तो विष्णुदत्तेमुळे. तिचा लेखही दहाव्या लेण्याच्या परिसरातच आहे, आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षाचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. ती जन्माने शक, धर्माने उपासिका. तिने लेणे खोदविले नाही, मूर्ती घडविली नाही. तिने नाशिकच्या कारागिरांच्या श्रेणींकडे रकमा कायमच्या ठेव म्हणून ठेवल्या. त्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणी होती, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांचीही होती. मुद्दलास हात लावावयाचा नाही, व्याज येईल त्यातून त्रिरश्मीवर राहणाऱ्या आजारी भिक्षूंना औषध द्यावयाचे. अशा ठेवीस ‘अक्षयनीवी’ म्हणत. आजारी माणूस कोण असेल, तो कोणत्या वर्षी येईल, हे तिला ठाऊक नव्हते. ती गेल्यानंतर जन्मणाऱ्यासही औषध मिळावे, अशी तिने तजवीज केली. भगिनींनो, आश्रय म्हणतात तो हा.

आता या सर्व लेखांत एक समान गोष्ट आहे. प्रत्येक स्त्री अमक्याची कन्या, तमक्याची पत्नी, फलाण्याची माता म्हणून येते. नाती सांगितली आहेत, लपविलेली नाहीत. पण नात्यांच्या त्या माळेत तिचे स्वतःचे नाव गाळलेले नाही. बलश्री, दक्षमित्रा, भट्टपालिका, विष्णुदत्ता ही नावे अठराशे वर्षांनंतरही आपण वाचू शकतो. आपल्या जुन्या स्मरणिका काढून पाहा. ‘सौ.’ असे लिहून पुढे पतीचे संपूर्ण नाव, किंवा ‘कै. अमुक यांच्या पत्नी’, इतकेच. तिचे नाव काय होते, हे तिच्या नातवंडांस यादीवरून कळावयाचे नाही. कातळावर छिन्नीने एकेक अक्षर खोदावे लागत असतानाही ज्यांनी नाव गाळले नाही, त्यांच्यापुढे आपण कागदावर जागा नसल्याचे कारण काय म्हणून सांगावे?

दान देण्यास हात लागतो, पण त्याआधी हातात काही असावे लागते. स्त्रीपाशी स्वतःचे असे काही नसेल, तर ती देणार कशातून? येथे अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण बोलके आहे. काशीच्या विश्वनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, अन्नछत्रे ही त्यांची कामे सर्वांस ठाऊक आहेत. आपल्या जिल्ह्यात चांदवडचा रंगमहाल आहे. आणि कसारा घाटात जुन्या वाटेवर घुमटाने झाकलेली बारव आहे, ती लोक अहिल्याबाईंची म्हणूनच दाखवितात. पण हा पैसा कोठून येत असे, हे फारसे कोणी विचारीत नाही. १७३४ साली थोरल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर लावून दिली. दौलतीचा हिशेब निराळा, खासगीचा निराळा. ही खासगी पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि १७९५ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी धर्मकार्याचा खर्च तीतून चालविला. राज्याच्या तिजोरीला त्याचा भार नव्हता. सासूबाईंच्या नावे केलेल्या एका तरतुदीतून हिंदुस्थानभर घाट आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्त्रीच्या नावे काही असले म्हणजे काय घडते, याचा याहून मोठा दाखला आम्हांस माहीत नाही.

आज कायद्यानेही ही वाट मोकळी केली आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या ताब्यातील मिळकतीची ती पूर्ण मालकीण ठरली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. पण कायदा कागदावर असतो आणि हक्कसोडपत्रावरील सही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होत असते. बहिणीने हसतमुखाने हक्क सोडावा आणि भावाने त्यातूनच मंडळास देणगी देऊन आश्रयदाता म्हणवून घ्यावे, असे घडले तर दान नक्की कोणाचे? आम्ही कोणाकडे बोट दाखवीत नाही. प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन हा प्रश्न स्वतःस विचारावा.

नावाचा आणि दानाचा संबंध कसा तुटतो, याची दोन उदाहरणे मुंबईची सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले कामधंद्यानिमित्त तिकडे आहेत. त्यांच्या रोजच्या ओळखीची ही नावे आहेत. माहीम व वांद्रे यांमध्ये पूर्वी खाडी होती, लोक होड्यांतून जात. तेथे बांध घालण्यास सरकार पैसा देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि वाटसरूंकडून कोणताही कर घेऊ नये अशी अट घातली. १८४५ साली तो मार्ग खुला झाला. दान आवाबाईंचे, अटही त्यांचीच. परंतु रस्त्याला नाव मिळाले ते ‘लेडी जमशेटजी’. लाखो लोक त्या रस्त्याने जातात, पण आवाबाई हे नाव त्यांतील कितीजण जाणतात?

दुसरे उदाहरण उलट आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठास मातोश्री नाथीबाईंचे नाव लाभले. मातृभक्तीचे हे थोर उदाहरण, त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण शब्दाच्या हिशेबाने पाहता तेथे दाता पुत्र आहे आणि मातेचे नाव स्मृती म्हणून आहे. एकीकडे देणारीचे नाव दिसत नाही, दुसरीकडे नाव दिसते पण देणारा निराळा. दोन्ही गोष्टी आदरणीय आहेत, पण त्या एक नव्हेत. ‘दात्री’ आणि ‘स्मृती’ यांचे रकाने वेगळे ठेवावे, एवढेच आमचे म्हणणे.

काही तरुण सभासदांनी आमच्याशी वाद घातला, तोही सांगणे उचित होईल. ते म्हणाले, “गुरुजी, आता स्त्री-पुरुष भेद कशास? अध्यक्ष, सभापती, सचिव हे शब्द दोघांनाही चालतात. मग दाता हा शब्द दोघांना का चालू नये?” आक्षेप रास्त आहे. २००७ साली आपल्या जळगावच्या कन्या प्रतिभाताई पाटील भारताच्या सर्वोच्च पदावर बसल्या, तेव्हा ‘राष्ट्रपती’ हा शब्द स्त्रीस कसा चालेल यावर पुष्कळ चर्चा झाली; शब्द तोच राहिला आणि कोणाचे काही अडले नाही. पदाचे नाव पदाला असते, त्यावर बसणाऱ्यास नसते. पण दाता हे पद नव्हे, ती कृती आहे. शिवाय ज्यांस भेद नको असेल त्यांच्यासाठी ‘देणगीदार’ आहेच. उद्या मंडळाने ठरविले की सर्वांस एकच शब्द लावावयाचा, तर आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती ‘महिला आश्रयदाते’ या जोडशब्दास. त्यात खरा शब्द पुरुषाचा आणि स्त्री त्यास डकविलेली, असे होते. ‘पुरुष आश्रयदाते’ असे आपण कधी लिहितो काय?

आता अखेरचा आणि आमच्या मनात सर्वांत अधिक घोळणारा मुद्दा. आम्ही आश्रयाचा अर्थ छप्पर असा सांगितला. तर मग ज्यांनी खरोखर छप्पर दिले, त्यांचे काय?

जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवस सात घरी. पुढे ते विद्यार्थी मोठे झाले, त्यांनी आठवणी लिहिल्या, त्यांत घरमालकांची नावे आदराने आली. पण पाट मांडणारी, चुलीपुढे बसून भाकरी थापणारी, परक्या पोराच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकणारी कोण होती? आमच्या नोकरीच्या काळात त्र्यंबककडच्या व घाटाखालच्या वाड्यापाड्यांतून मुले शिकण्यासाठी इगतपुरीस व घोटीस येत. ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नसे, ती ज्ञातीतल्या कोणाच्या तरी घरी राहत. दोन खोल्यांचे रेल्वेचे घर, घरची चार माणसे, आणि त्यांत पाचवा हा विद्यार्थी. त्याचे अंथरूण, त्याचा डबा, त्याचा ताप, परीक्षेच्या दिवशी त्याच्या हातावर दही, हे सारे कोणी केले? त्या मुलांतले कोणी आज अधिकारी आहेत, कोणी शिक्षक आहेत, आणि काहींची नावे याच स्मरणिकेत आश्रयदात्यांच्या यादीत आहेत. ज्यांनी त्यांना आश्रय दिला, त्या माउल्यांची नावे मात्र कोणत्याही यादीत नाहीत.

आपण रेल्वेच्या गावचे लोक. कसाऱ्याहून येथवर ३७ फुटांस १ फूट अशी चढण आहे. पुढचे एक इंजिन ती चढू शकत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांना मागून ढकलण्यास इंजिने जोडतात. गाडी इगतपुरीस आली की ती सुटतात आणि परत घाट उतरून जातात. फलाटावरचा प्रवासी पुढच्या इंजिनाकडेच पाहतो. पण रेल्वेच्या नोंदवहीत मागच्या इंजिनांचीही नोंद होते. आपल्या मंडळाची नोंदवही रेल्वेच्या नोंदवहीहून उणी असू नये.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे चार सूचना नम्रपणे ठेवितो.

पहिली. ज्या भगिनी स्वतःच्या मिळकतीतून, पगारातून, निवृत्तिवेतनातून वा स्त्रीधनातून देतात, त्यांची नावे ‘आश्रयदात्री’ या मथळ्याखाली, त्यांच्या स्वतःच्या नावाने छापावीत. माहेरचे नाव लावावयाचे की सासरचे, हे त्यांनीच ठरवावे.

दुसरी. पतिपत्नींनी मिळून दिले असेल, तर दोघांचीही संपूर्ण नावे द्यावीत. केवळ ‘श्री. व सौ.’ अशी नुसती मोळी बांधू नये. आणि पतीने एकट्याने दिले असेल, तर केवळ शिष्टाचार म्हणून पत्नीस आश्रयदात्री करू नये. तो मान तिलाही नको असतो.

तिसरी. विष्णुदत्तेच्या धर्तीवर मंडळाने एक कायमचा निधी उभारावा. मुद्दल बँकेत राहावे, व्याजातून आजारी ज्ञातिबांधवांस औषधोपचार व गरजू विद्यार्थिनींस शुल्क द्यावे. यात एक हजार देणारी आणि एक लाख देणारी यांस एकाच यादीत, वर्णानुक्रमाने स्थान असावे. रक्कम शेजारी छापण्याचे कारण नाही.

चौथी. ज्या घरांत परगावच्या विद्यार्थ्यांनी राहून शिक्षण घेतले, त्या घरांतील गृहिणींची नावे त्या विद्यार्थ्यांनीच मंडळास कळवावीत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांसाठी स्वतंत्र पान असावे, आणि त्यावर ‘आश्रयदात्री’ याखेरीज दुसरा मथळा नसावा. यांतील अनेकजणी आता ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

या चौथ्या सूचनेसाठी पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. फक्त आठवण लागते. आज या मंडपात असे पुष्कळजण बसले आहेत, ज्यांनी आपले आईवडील सोडून दुसऱ्या कोणाच्या तरी घरचे अन्न खाऊन शाळा पुरी केली. त्यांनी आज घरी गेल्यावर एक पोस्टकार्ड लिहावे, अथवा हल्लीच्या रीतीने भ्रमणध्वनीवरून चिटणीसांस कळवावे. काकू, मावशी, वहिनी म्हणून ज्यांस हाक मारली, त्यांचे खरे नाव काय, हे त्या निमित्ताने कित्येकांस प्रथमच विचारावे लागेल. ते विचारावयास लाजू नये. विचारल्याने त्या माउलीस आनंदच होईल.